हिरड्याच्या गोदामातलं चित्र

आमच्या घरी सिनेमा यायचा तो पत्र्याच्या गोल डब्यांतून. डबा उघडला की पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा गोड, नाकात चढणारा वास घरभर पसरायचा. तुटलेली रिळं जोडायचं औषध असायचं, त्याचा तो वास. बाबा सरकारच्या प्रचारगाडीवर होते. गाडीत मशीन, पडदा, वीज करायचं इंजिन आणि हे डबे. गडचिरोली तेव्हा तालुक्याचं गाव होतं. आज जिथं जिल्ह्याच्या कचेऱ्या उभ्या आहेत तिथं मोह आणि पळस होते, आणि आमच्या दोन खोल्यांच्या मागं सरळ धानाचे बांध सुरू व्हायचे. धान निघालं, खळी रिकामी झाली की बाबांचा दौरा सुरू व्हायचा आणि पावसाच्या तोंडावर संपायचा. मधल्या चार-पाच महिन्यांत ते घरी यायचे ते कपडे धुवायला आणि डबे बदलायला.

सिनेमे हिंदीत असत, कधी कधी इंग्रजीतही, आणि पाहणारी माणसं झाडीबोली बोलणारी नाही तर गोंडी बोलणारी. म्हणून बाबांचं खरं काम मशीन चालवायचं नव्हतंच. ते ड्रायव्हर रहीमभाई करायचे. बाबा पडद्याच्या कडेला भोंग्याचा माईक धरून उभे राहायचे आणि पडद्यावर जे चाललंय ते सांगायचे. तरुणपणी ते दंडारीत काम करत. आमच्याकडे दंडार म्हणजे गावात उभं राहणारं नाटक, गाणं, सोंग सगळंच. तो गळा त्यांनी प्रचारगाडीवर आणला. मलेरियाच्या चित्रातल्या डासालाही ते आवाज द्यायचे. दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करायचे, सुंठ-गुळाची गोळी गालात धरायचे, आणि आई चुलीपाशी अंबाडीची भाजी रटरटत ठेवून म्हणायची, "आता चार दिवस गप राहा. घरी तरी कोणाले सांगून राह्यले?"

आई सिनेमा पाहायची नाही. एकदाच गेली होती, अर्ध्यातून उठून आली. पण प्रत्येक सिनेमा तिच्या हाताखालून जायचा, कारण तुटलेली रिळं जोडायचं काम बाबांनी तिला शिकवलं होतं. दुपारी भांडी आटोपली की ती खिडकीशी बसायची, रीळ मांडीवर घ्यायची आणि पट्टी उजेडाकडे धरून एक एक चौकट पाहत पुढं सरकवायची. "हातात धरलं का दिसते," म्हणायची. "पडद्यावर गेलं का पळते. पळणाऱ्या गोष्टीचं मले काई समजत नाई." मी तिच्याशेजारी बसून लाखोळीची डाळ निवडायची. सातवी होऊन मला वर्ष झालं होतं. मुलींची शाळा तिथंच संपत होती. पुढं काय, हे घरात कोणी बोलत नव्हतं. मीही विचारत नव्हते.

त्या हिवाळ्यात करंदीकर आले. पुण्याचे, तिशीच्या आतले, खादीचा सदरा, जाड चष्मा, खांद्याला शबनम. खेड्यातल्या माणसांना सिनेमा कसा समजतो याचा अभ्यास करायला आले होते. त्यांना मदत करावी असं वरून पत्र आलं होतं. उतरले होते विश्रामगृहावर, पण जेवायला आमच्याकडे यायचे. आईची जवसाची चटणी त्यांना इतकी आवडली की तिसऱ्या दिवशी त्यांनी ती करायची कशी ते वहीत लिहून घेतलं. आई दिवसभर हसत होती. सिनेमा समजायचाही अभ्यास असतो, हे आम्हाला नवं होतं. बाबांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं, "साहेब, डोळे असले का दिसतेच ना? त्यात समजायचं काय?"

करंदीकरांना अशाच प्रश्नाची वाट होती. ते ओट्यावर मांडी घालून बसले, आईकडून रद्दी पट्टीचे दोन तुकडे मागून घेतले. एकात बाई धावत होती. दुसऱ्यात म्हैस उभी होती. त्यांनी आधी म्हैस धरली, मग बाई. "काय झालं?" मी म्हणाले, "म्हैस सुटली, बाई धरायला पळाली." मग त्यांनी तुकडे उलट लावले. आधी बाई, मग म्हैस. आता वाटत होतं की बाई कशाला तरी भिऊन गोठ्यात पळत आली आहे. "तुकडे तेच," ते म्हणाले, "पण गोष्ट बदलली. ती गोष्ट पट्टीत नाही, तुमच्या डोक्यात झाली. सिनेमा वाचावा लागतो, कुसुमताई. शहरातले लोक ते लहानपणापासून शिकतात, म्हणून त्यांना वाटतं की आपोआप समजतं." मला तोवर कोणी ताई म्हटलं नव्हतं. त्या दिवसानंतर मी प्रत्येक गोष्टीकडे तुकड्यांनी बघू लागले. आईचा हात, मग विळी. बाबांचा चेहरा, मग रिकामा डबा. मला वाटत होतं की मला काहीतरी मिळालं आहे. ते माझं एकटीचं आहे, आणि ते घेऊन मी आता कुठंतरी जाणार आहे.

बायका करंदीकरांशी बोलेनात, तेव्हा त्यांनी विचारलं की कुसुमताई बरोबर आल्या तर? मला झाडीबोली तर येतच होती, गोंडीही कामापुरती समजायची. बाबा घुटमळले. आईच म्हणाली, "जाऊ द्या. घरी बसून तरी काय करून राह्यली?" आणि मी गाडीत बसले.

त्या खेपेचा सिनेमा देवीच्या लसीचा होता. निघण्याआधी तो आईच्या हातून गेला. खिडकीशी पट्टी धरून ती मधेच थांबली. "काऊन वं, हे पोरगं अन् हे पोरगं एकच होय काय?" मी पाहिलं. गोष्ट मला बाबांनी सांगितली होती. एक बाई मुलाला देवी टोचून घेते. टोचताना तिला तिचा पहिला मुलगा आठवतो, जो न टोचल्यामुळं देवीनं गेला. मग ती भानावर येते, आणि टोचलेला मुलगा अंगणात चेंडू खेळतो. "नाई वं आई," मी म्हणाले, "हा धाकटा होय. तो मोठा, मेलेला." आईनं पट्टी मागं-पुढं केली. दोघांची डोकी भादरलेली, दोघांच्या कमरेला करदोटा, आई दोन्हीकडे तीच. "मंग मेला तो आधी काऊन नाई दाखवला?" तिनं विचारलं. मी हसले. तिला समजावून सांगितलं की याला मागची गोष्ट म्हणतात, करंदीकर साहेबांनी सांगितलंय. ती "असन" म्हणाली आणि पुढची चौकट पाहू लागली. तिचं बोलणं मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथल्या माणसांची नातवंडं आता तिथं राहतात. गडचिरोलीच्या आत, जंगलातलं गाव. इकडच्या अंगाला धान पिकवणारी कुणब्यांची घरं आणि ओढ्यापलीकडे गोंडांची वेगळी वस्ती, त्यांचा टोला. त्या वर्षी त्या भागात वाघानं माणसं धरली होती, म्हणून अंधार पडल्यावर कोणी घराबाहेर येईना. भुमिया, म्हणजे टोल्याचा पुजारी आणि जाणता माणूस, म्हणाला, "दिसाचं दाखव." दिवसा सिनेमा कसा दाखवणार? शेवटी हिरडा साठवायचं एक गोदाम रिकामं होतं, त्याच्या दाराखिडक्यांना पोत्यांचे पडदे लावले आणि दुपारी खेळ ठरला.

खेळाआधी गोदामाच्या दाराशी करंदीकर बाबांना म्हणाले, "गणपतराव, एक विनंती आहे. या वेळी तुम्ही बोलू नका."

बाबांना कळलंच नाही. "म्हणजे?"

"काहीच सांगू नका. नुसतं चित्र किती पोचतं ते मला बघायचंय. तुम्ही बोललात की लोक तुमची गोष्ट ऐकतात, सिनेमा बघत नाहीत."

"साहेब, त्याइले हिंदी नाई समजत."

"म्हणूनच तर. एकदाच. या एकाच गावात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो, मीच हलवली. मला ती कल्पना फार हुशारीची वाटली होती.

गोदामात हिरड्याचा तुरट वास कोंदला होता. पोत्यांच्या विणीतून आणि कौलांच्या फटींतून उन्हाच्या रेघा आत येत होत्या आणि धुळीतून सरळ पडद्यावर पडत होत्या. पुरुष पुढं, बायका उजवीकडे, आणि टोल्यातल्या बायका सगळ्यात मागं, दारापाशी. माझ्या शेजारी जानोबाई बसली होती. पंचविशीची असेल. मांडीवर तीन वर्षांचा कारू. त्याच्या मुठीत बोरं होती आणि तो एक एक बी माझ्या परकरावर थुंकत होता. जानो त्याला दटावायची आणि माझ्याकडे बघून हसायची.

सिनेमा सुरू झाला. आत आलेल्या उजेडानं चित्र फिकं पडलं होतं. शहरातल्या सिनेमात आठवण सुरू झाली की पडदा जरा धुरकट होतो, कडा विरतात, आणि पाहणाऱ्याला समजतं की आता मागचं चाललं आहे. इथं सगळंच पहिल्यापासून धुरकट होतं. बाईनं मुलाचा दंड पुढं केला, डॉक्टरनं टोचलं, मूल रडलं. बाईनं वर पाहिलं. आणि लगेच खाटेवर मूल, अंगभर फोड, बाईनं दिवा लावला, पदर पसरला, माणसं तिरडी बांधताहेत. बायकांमध्ये हुंदका फुटला. एकीनं आपल्या लेकाचं तोंड पदराखाली घेतलं. मग अंगण, चेंडू, हसणारं मूल. सगळे मोकळे होऊन हसले. बाबा पडद्याच्या कडेला हात मागं बांधून उभे होते. त्यांचे ओठ मात्र पूर्ण वेळ हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी करंदीकर पुरुषांकडे गेले, मी बायकांकडे. माझ्याजवळ छापील कागद होते. टोचणं चांगलं की वाईट? मुलाला टोचून घेणार का? सगळ्याच म्हणाल्या, चांगलं. सगळ्याच म्हणाल्या, घेऊ. सरकारच्या गाडीतून आलेल्या पोरीला दुसरं काय सांगणार? मी खुणा करत गेले. जानो अंगणात मोहाची वाळली पानं झाडत होती. तिच्याकडे आले तेव्हा हात दुखत होता, म्हणून मी कागद बाजूला ठेवला आणि सहज विचारलं, "जानोबाई, काय पाह्यलं तुमी काल?"

"पोरगं पाह्यलं."

"काय झालं त्याले?"

"टोचलं ना त्याले डाक्टरनं," ती म्हणाली. "मंग अंगात माता आली. मेलं बिचारं."

माता म्हणजे देवीचाच रोग. "अन् मंग?"

"मंग मायनं दिवा लावला, पदर पसरला. मातेनं परत देलं. खेळत नोहोतं काय, चेंडू घेऊन?"

मला आईची खिडकी आठवली. मी तिच्यासमोर बसले, हातवारे करून समजावू लागले. "नाई वं बाई. ते पोरगं आधीच मेलं होतं. टोचायच्या आधी. टोचलं ते दुसरं. ती माय पहिल्याले आठवून राह्यली होती."

जानोनं झाडू थांबवला. खरंच विचार करून म्हणाली, "आठवते तं आपल्या आपल्या डोक्यात आठवते. भिंतीवर कशी आठवन? दुसऱ्याले कशी दिसन?"

आज माझी चार वर्षांची पणती मोबाइलवर चित्र बोटानं मागं नेते, पुढं आणते, आणि "आज्जी, हे त्याचं लहानपण आहे" असं मलाच सांगते. तिला ते कोणी शिकवलं ते मला माहीत नाही. पण त्या अंगणात जानोचं म्हणणंच बरोबर होतं. दंडारीत गोष्ट पुढंच जाते. मेलेला माणूस उठून बसला तर देवानं उठवला असं आधी गाऊन सांगतात. आठवण भिंतीवर दाखवायची हा शहरातल्या माणसांनी आपापसात ठरवलेला संकेत आहे. तो तिला कोणी कळवलाच नव्हता. कळवणारा एकच माणूस होता, आणि त्याला आम्ही गप्प उभं केलं होतं.

मी आणखी तिघींकडे परत गेले, खुणा केलेले कागद तसेच हातात. तिघींनीही हेच पाहिलं होतं. जानोचं बोलणं लिहायला कागदावर जागा नव्हती, म्हणून मी ते मागच्या बाजूला लिहिलं आणि धावत करंदीकरांकडे गेले. त्यांनी वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. "कुसुमताई, हे फार मोलाचं आहे," ते म्हणाले, "अगदी हेच शोधायला मी आलो होतो." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूहळू त्यांचा आनंद उतरला. ते दुष्ट नव्हते. त्यांनी लगेच बाबांना गाठलं. "आज दुपारी परत दाखवू. तुम्ही बोला."

बाबा गाडीपाशी पडदा गुंडाळत होते. "साहेब, आज दुसरा मुक्काम हाये. नदी उतरून जा लागते. दौरा मोडला तं नोकरी जाते."

"मी जबाबदारी घेतो."

"तुमी पुण्याले जान. मले इथीच राहायचं हाये." बाबा हे रागानं म्हणाले नाहीत. त्यांचा आवाज बसल्यासारखा येत होता. "अन् हा डबा परवा दुसऱ्या जिल्ह्यात चालला. एकच हाये."

रहीमभाईंनी इंजिन सुरू केलं. त्या दुपारी खेळ करता आला असता, असं मी आजही म्हणते. बाबाही पुढं आयुष्यभर म्हणत होते. पण आम्ही निघालो. कारू आणि टोल्यातली पोरं धुळीतून ओढ्यापर्यंत गाडीमागं पळत आली.

करंदीकरांनी त्या चित्राबद्दल चार सरकारी कचेऱ्यांना पत्रं लिहिली. उत्तर एकाचंच आलं, आणि तेही आमच्या पत्त्यावर, कारण ते तोवर पुण्याला परतले होते. चित्र जाणकारांनी पसंत केलेलं आहे, सर्वत्र दाखवलं जातं, कुठूनही तक्रार नाही. टोचणारे ठरल्याप्रमाणे गावात जातील. बाबांनी ते मोठ्यानं वाचलं. आई म्हणाली, "मी तवाच म्हटलं होतं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच आम्हाला दोघांनाही वर बघवेना.

बाबा मग स्वतः गेले. त्या गावाची माणसं जवळच्या बाजारात यायची. बाबांनी मला सायकलवर पुढं बसवून नेलं. मीठ, तेल, बांगड्या, सुकी मासळी यांच्या गर्दीत ते एका बैलगाडीच्या धुरेवर चढले आणि दंडारीच्या आवाजात ती गोष्ट सांगू लागले. आधी मोठा मुलगा. तो कसा गेला. मग धाकटा, त्याला टोचलं, तो कसा जगला. सगळं सरळ, एकामागून एक. मी त्यांना इतकं चांगलं सांगताना कधी ऐकलं नव्हतं. लोक जमले, ऐकत राहिले. संपल्यावर भुमिया पुढं आला. बाबांचा त्यानं अपमान केला नाही. जोहार केला आणि म्हणाला, "गणपतभाऊ, तुमी तोंडानं सांगून राह्यले. आमी डोळ्यानं पाह्यलं."

"भाऊ, पाह्यलं ते तसं नोहोतं."

"मंग तवा काऊन नाई बोलले? उभे तं होते तुमी तिथीच."

बाबा धुरेवरून उतरले. परत येताना वाटेत त्यांनी एकदाच सायकल थांबवली, टायर पाहिल्यासारखं केलं, आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

देवी टोचणारे गेले तेव्हा टोला रिकामा होता. मोहफुलं वेचायचे दिवस होते, कोणी म्हणालं माणसं जंगलात गेली, कोणी म्हणालं गाडी दिसताच पळाली. टोचणाऱ्यांना अशी गावं नवी नव्हती. त्या सिनेमाच्या आधीही लोक सुईला भ्यायचे. सगळं त्या चित्रामुळं झालं असं मी म्हणत नाही, म्हणूही शकत नाही. पण आधीच्या वर्षी त्याच टोल्यात अर्ध्या पोरांनी दंड पुढं केले होते. या वर्षी एकानंही नाही.

उन्हं तापली आणि देवी आली. गावाच्या वाटेवर कडुनिंबाचे डहाळे आडवे बांधल्याची बातमी आली. तसं बांधलं की बाहेरच्यानं आत जायचं नसतं. आम्ही गडचिरोलीत बसून रोज कोणा ना कोणाला विचारायचो. आई चुलीपाशी एकदम थांबायची आणि विचारायची, "तिचं पोरगं किती वर्साचं म्हटलं होतं तू?" मी सांगायची, तीन. दुसऱ्या दिवशी ती परत विचारायची. त्याच दिवसांत करंदीकरांचं पत्र आलं. त्यांना बातमी माहीत नव्हती. आमच्या सगळ्यांची चौकशी होती, आईच्या चटणीची आठवण होती, आणि खाली लिहिलं होतं की जानोबाईंसारखी आणखी काही उत्तरं मिळवून पाठवता आली तर त्यांच्या कामाला फार मदत होईल. मी उत्तर लिहायला तीनदा बसले. लिहिलं नाही. पुढं त्यांचं दुसरं पत्र आलं, मग तिसरं. मला त्यांचा राग नव्हता. फक्त त्यांच्या अक्षरातलं काही वाचवत नव्हतं.

डहाळे सोडल्याचं कळलं तसे बाबा आणि मी गेलो. बाबा ओढ्याशीच थांबले, म्हणाले, "तू जा. मले भुमियापाशी बसू दे." टोल्यात पोरांचा आवाज नव्हता. जानोच्या दारात खाट उभी करून ठेवली होती. तिच्या तोंडावर ताजे व्रण होते, म्हणजे तिलाही येऊन गेली होती. तिनं मला ओळखलं. "ये वं, बस," म्हणाली. मला कारूबद्दल विचारायचं धैर्य नव्हतं आणि गरजही नव्हती. मी बसले. बराच वेळ ती हातानं जमिनीवरची माती सारखी करत राहिली.

मग म्हणाली, "मी बी तसंच केलं."

"काय?"

"त्या बाईनं केलं तसंच. दिवा लावला. पदर पसरला. लय वेळ पसरला." तिनं पदर पसरून दाखवला, अगदी पडद्यावरच्या बाईसारखा, मान किंचित डावीकडे झुकवून. "काईतरी राह्यलं माझ्याकडून. मी मागं बसली होती, दारातून ऊन ये. मले नीट दिसलं नाई. तू तं शिकलेली. तू सांग मले, ती बाई आणखीन काय करे?"

मला तिच्याशी खोटं बोलता आलं असतं. एखादा नवस, एखादी पूजा सांगता आली असती, आणि चूक तिच्याच पदरात टाकून मी उठू शकले असते. ते मला करता येईना, आणि खरं सांगितल्यानं तिचं काही भलं होणार नव्हतं. तरी मी खरंच सांगितलं. तुकड्या-तुकड्यानं, शब्द शोधत. की ती बाई त्या मुलाची माय नव्हती. की ते सोंग होतं, दंडारीत असतं तसं. की फोड रंगानं काढले होते. आंघोळ घातली की निघून जाणारे.

तिचा हात मातीवर थांबला. "म्हणजे ते पोरगं मेलंच नाई?"

"नाई."

"तवा बी नाई?"

"नाई, जानोबाई. कधीच नाई."

मला वाटलं आता ती ओरडेल, मला हाकलेल, निदान रडेल. मी मान खाली घालून तयार बसले होते. टोल्यात कुठं तरी कोणी उखळात धान सडत होतं, त्याचा आवाज येत होता.

"बरं झालं वं," ती म्हणाली. "त्याच्या मायचं तं हाये."

आणि मी उन्हातून आले होते म्हणून माझ्यासाठी पाणी आणायला उठली.